दोन बंदिवान

बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर, बीड जिल्ह्याच्या आग्नेय अंगास वसलेलें अंबाजोगाई हें गांव महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांस योगेश्वरीच्या नांवानें ठाऊक आहे. कोंकणस्थांच्या कितीएक घराण्यांची ती कुलदेवता. त्यामुळें लग्नकार्यानंतर देवीच्या पायांवर घालण्यासाठीं नवीं जोडपीं दूरदूरच्या शहरांतून तेथें जातात, ओटी भरतात आणि परत फिरतात. निजामी अमदानींत या गांवास मोमिनाबाद म्हणत. देवीच्या दर्शनास जाणाऱ्यांपैकीं बरेच जण गांवाबाहेरच्या दरींत मुकुंदराजांची समाधि आहे तीहि पाहून येतात. परंतु त्याच गांवांत दासोपंतांचीं थोरलें व धाकटें अशीं दोन देवघरें आहेत, हें थोड्यांच्या ध्यानीं असतें. या दोन पुरुषांच्या मध्यें सुमारें चार शतकांचें अंतर आहे. दोघांच्याहि नांवाभोंवतीं एकेक चमत्कारकथा गुंफलेली आहे, आणि दोन्ही कथांत एक बंदिवान आहे. एक बंदिवान भयाचा, दुसरा अहंकाराचा. या दोघांची सुटका कशी झाली याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'चा काळ परंपरेनें शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, असा धरला जातो. हा ग्रंथ त्या काळचाच काय, ग्रंथांतील अंबानगर म्हणजे हीच अंबाजोगाई कीं वैनगंगेच्या कांठचें अंभोरा, आणि ग्रंथांत ज्याचें नांव येतें तो जैतपाळ म्हणजे देवगिरीच्या यादवांतील जैत्रपाळ कीं दुसराच कोणी मांडलिक, या प्रश्नांवर संशोधकांनीं पुष्कळ वाद केला आहे. त्या वादाचा निर्णय येथें होण्यासारखा नाहीं. पण जैतपाळाची जी आख्यायिका लोकांनीं इतकीं शतकें जपून ठेविली, ती निव्वळ करमणुकीसाठीं जपली असें समजणें चुकीचें होईल.

ती आख्यायिका अशी. जैतपाळ राजास ब्रह्म पाहण्याची इच्छा झाली. पण तीहि राजाला शोभेशा घाईनें. घोड्याच्या रिकिबींत एक पाय ठेवून दुसरा पलीकडे टाकीपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढ्यांत आपणांस साक्षात्कार व्हावा, अशी त्याची अट होती. जे साधु ही अट पुरी करूं शकले नाहींत त्यांना त्यानें बंदींत टाकून मजुरीस लाविलें. शेवटीं मुकुंदराज आले. राजानें रिकिबींत पाय घातला, आणि तो तेथेंच, अर्ध्या मांडीवर, देहभान हरपून उभा राहिला. मुकुंदराजांनीं त्यास चाबूक मारला असें कोणी सांगतात, नुसता हात ठेविला असें कोणी सांगतात.

ऐकणाऱ्याचें लक्ष येथें चमत्काराकडे जातें. पण कथेंतील खरा बंदिवान कोण, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. साधु शरीरानें कोठडींत होते, तर राजा 'मी मागेन तें मला मागेन तेव्हां मिळालें पाहिजे' या हुकुमाच्या कोठडींत होता. ब्रह्मज्ञानसुद्धां त्याला सारावसुलीसारखें मुदतींत हवें होतें. ज्या वस्तूपुढें 'मी' गळून पडावयाचा, तीच वस्तु तो 'मी'च्या खजिन्यांत जमा करूं पाहत होता. म्हणून कथाकारानें त्याला घोड्यावर चढूं दिलें नाहीं व खालींहि उतरूं दिलें नाहीं. स्वारी करण्याच्या ऐन क्षणीं स्वार थांबला, एवढेंच त्या साक्षात्काराचें चित्र आहे. आणि त्यानंतर बंदींतल्या साधूंची सुटका होते. माझ्या मतें कथेचें मर्म या शेवटांत आहे. राजास खरोखर कांहीं दिसलें कीं नाहीं याचा पुरावा त्याच्या मिटलेल्या डोळ्यांत शोधावयाचा नाहीं, तो तुरुंगाच्या उघडलेल्या दारांत शोधावयाचा.

हा काळ तलवारीचा होता, याची साक्ष अंबाजोगाईचे दगडच देतात. यादव राजा सिंघण याचा सेनापति खोलेश्वर हा या प्रांतींचा. त्याचा पुत्र राम गुजरातवरील स्वारींत नर्मदेच्या कांठीं पडला. त्याच्या मागें त्याची बहीण लक्ष्मी हिनें भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईस देऊळ उभारलें, असें शके ११६२ च्या शिलालेखावरून समजतें. खोलेश्वराचे विजय मोजणारे आज अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी नाहींत. पण एका बहिणीनें मेलेल्या भावासाठीं जें केलें तें दगडांत टिकून राहिलें. आख्यायिकांच्या धुक्यांत हा एक पक्का पुरावा हातीं लागतो, आणि तो पराक्रमापेक्षां ममतेविषयीं अधिक बोलतो, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आतां दुसऱ्या बंदिवानाकडे वळूं. दासोपंतांचा जन्म शके १४७३ मधला, म्हणजे इसवी सन १५५१ चा. बेदरच्या बरीदशाहीखालील नारायणपेठ येथें त्यांचे वडील दिगंबरपंत हे वतनदार होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास बेदरास अली बरीदाची सत्ता होती. १५६५ सालीं विजयनगरचें राज्य ज्या लढाईनें मोडलें तींत एकत्र झालेल्या सुलतानांपैकीं तोहि एक. एवढ्याशा राज्याला बलाढ्य शेजाऱ्यांच्या बरोबरीनें फौजा राखावयाच्या, म्हणजे त्याचा सारा भार वसुलावर पडावयाचा, आणि वसुलाची जोखीम वतनदाराच्या गळ्यांत. अशांत दुष्काळ पडला. दिगंबरपंतांकडून रक्कम भरली गेली नाहीं, आणि तिच्या बदल्यांत त्यांचा मुलगा ओलीस म्हणून बेदरास ठेवून घेण्यांत आला. महिन्याच्या आंत रक्कम न आल्यास मुलास मुसलमान करण्यांत येईल, अशी अट होती असें चरित्रकार सांगतात.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. घराकडून कांहीं आलें नव्हतें. मुलानें दत्तात्रेयाचा धांवा केला. तेव्हां दत्ताजी पाडेवार असें नांव सांगणारा एक मनुष्य दरबारीं आला. त्यानें रक्कम भरली, पावती घेतली आणि तो दिसेनासा झाला. बादशहानें मुलास सन्मानानें घरीं धाडलें.

या कथेचा सांचा वाचकांस ओळखीचा वाटेल. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांस खुलीं केलीं, आणि विठोबानें महाराचें रूप घेऊन बेदरास पैसे भरले, ती कथाहि याच वळणाची. दोन्हींत दुष्काळ आहे, बेदरचा दरबार आहे, आणि हिशेब चुकता करून नाहींसा होणारा देव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें यावरून एवढें नक्की घ्यावें कीं, दुष्काळ आणि थकलेला सारा या दोन गोष्टींची दहशत या मुलखाच्या मनांत फार खोल बसली होती. इतकी, कीं देवाकडे मागावयाचें तें मोक्षाच्या आधीं पावती मागितली जाई.

परंतु दासोपंतांचें खरें वेगळेपण पावतीच्या पुढें सुरू होतें. सुटून घरीं आलेला मुलगा घरीं राहिला नाहीं. कांहीं काळानें त्यानें घर आणि वतन सोडलें. मातापुरास, म्हणजे माहुरास, बारा वर्षें तप केल्यावर दासोपंत गोदाकांठच्या राक्षसभुवनास आले असें परंपरा सांगते. हेंच राक्षसभुवन पुढें १७६३ सालीं माधवराव पेशव्यांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला म्हणून इतिहासांत गाजलें. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईंत मारला गेला. त्याच वाळवंटांत दोनशें वर्षांपूर्वीं एक तरुण अवधूताच्या पादुका उराशीं धरून बसला होता. तेथून तो अंबाजोगाईस आला आणि शेवटपर्यंत तेथेंच राहिला.

येथें कोणीहि सहृदय वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. ज्या आईबापांनीं महिनाभर अन्न गोड मानलें नसेल, त्यांना परत मिळालेला मुलगा पुन्हा सोडून जातो, हें कसलें प्रेम? विरक्तीच्या नांवाखालीं ही निष्ठुरताच नव्हे काय? या आक्षेपास सोपें उत्तर नाहीं. मात्र दोन गोष्टी सांगतां येतात. पहिली अशी कीं, त्या मुलाला बेदरास आपली किंमत कळली होती. थकलेल्या रकमेइतका तो होता. ज्या वतनासाठीं तो गहाण पडला, त्याच वतनावर उद्यां त्यानें बसावयाचें, आणि परवां आणखी एखाद्या दुष्काळांत आपला मुलगा गहाण टाकावयाचा! रकमेनें त्याचें शरीर सुटलें. पण वतनाची आशा होती तोंवर भयाची दोरी तुटली नव्हती. ज्याच्यापाशीं हिरावून घेण्याजोगें कांहीं आहे त्यालाच भय दाखवितां येतें, आणि तें आपलें म्हणून छातीशीं धरण्यालाच अहंकार म्हणतात. भय आणि अहंकार हीं दोन दुखणीं नव्हेत. एकाच मुळाच्या या दोन फांद्या आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. परंपरा सांगते कीं पुढें त्यांचे आईवडील व पत्नी त्यांस येऊन मिळालीं. दासोपंतांचा वंश अंबाजोगाईस नांदला, त्यांचीं देवघरें आजहि आहेत. म्हणजे त्यांनीं माणसें टाकलीं नव्हतीं, गहाणखत टाकलें होतें. प्रेमाचा मार्ग माणसांपासून दूर नेतो असें दिसलें तरी तो पुन्हा माणसांच्या घरांतच आणून सोडतो कीं नाहीं, यावरच त्याची पारख करावी.

दासोपंतांची लेखणी ही तर एक अद्भुत गोष्ट आहे. भगवद्गीतेवरील त्यांच्या 'गीतार्णवा'च्या ओव्या परंपरा सव्वा लाख मानते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास, यावरून त्या पसाऱ्याची कल्पना येईल. याशिवाय पदें, 'ग्रंथराज' आणि इतर प्रकरणें निराळींच. पण सर्वांत विलक्षण म्हणजे त्यांची पासोडी. सुमारें चाळीस फूट लांब व चार फूट रुंद अशा जाडसर कापडावर त्यांनीं 'पंचीकरण' हें प्रकरण ओव्यांनीं व आकृत्यांनीं लिहून काढलें. पंचीकरण म्हणजे पांच भूतांच्या मिश्रणानें हा स्थूल देह कसा बनला याचा उलगडा. हा देह म्हणजे मी नव्हे, हें एकेक तत्त्व वेगळें काढून दाखविण्याची ती रीत. पासोडी हें अंगावर घेण्याचें वस्त्र. देहाचें थंडीपासून रक्षण करावयाचें तिनें. त्याच वस्त्रावर देहाभिमानाची उकल लिहावी, हें ज्याला सुचलें त्याची दृष्टि केवढी मार्मिक असेल! ज्या देहासाठीं बेदरच्या कोठडींत जीव कांपला होता, त्या देहाचा हिशेब दासोपंतांनीं असा निवांतपणें कापडावर मांडून ठेविला. भय गेल्याची याहून चांगली पावती नाहीं.

तथापि अहंकार असा सहजीं सुटत नाहीं. लक्षावधि ओव्या लिहिणाऱ्यास त्या ओव्यांचाच अभिमान होऊं शकतो. दासोपंत थाटानें राहत, पालखीनें हिंडत, असें सांगतात. पैठणचे एकनाथ हे त्यांचे समकालीन. दासोपंत एकदां पैठणास गेले, तेव्हां नाथांच्या दारांत प्रत्यक्ष दत्तात्रेय चोपदार होऊन उभे असलेले त्यांस दिसले, अशी कथा आहे. आपण ज्याच्या पायांशीं जन्म वाहिला तो दुसऱ्याच्या दारीं पहारा देतो, हें पाहून दुसऱ्या कोणाच्या मनांत मत्सर उठला असता. दासोपंतांच्या मनांत स्नेह उत्पन्न झाला. एकनाथांसह ज्या पांच समकालीन संतकवींचें 'पंचक' म्हणून नांव घेतात, त्यांत दासोपंतांची गणना होते. उपासना निराळी असूनहि ते एकमेकांचे राहिले. भक्तीचा देव आपल्या एकट्याच्या मालकीचा नाहीं हें कबूल करणें, हा बहुधा भक्ताच्या वाटेवरचा शेवटचा व सर्वांत अवघड घाट असावा.

या घाटाच्या पलीकडे काय दिसतें तेंहि याच जिल्ह्यांत पाहावयास मिळतें. आष्टी तालुक्यांतील वाहिरें हें शेख महंमदांचें मूळ गांव मानतात. त्यांचे गुरु चांद बोधले. याच चांद बोधल्यांपाशीं एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी यांनींहि उपदेश घेतला, अशी एक परंपरा आहे. शेख महंमदांनीं आपला 'योगसंग्राम' १६४५ सालीं पुरा केला आणि ते श्रीगोंद्यास समाधिस्थ झाले. ग्रंथाचें नांवच बोलकें आहे; हा संग्राम आंतल्या शत्रूंशीं आहे. बेदरच्या दरबारांत धर्म ही धमकी होती. सक्तीनें बदलावयाची किंवा सक्तीनें राखावयाची ती वस्तु होती. त्याच शतकांत, त्याच मुलखांत जन्मलेला एक मुसलमान आपल्या आनंदानें मराठींत ओव्या रचतो, पांडुरंगाची भक्ति करतो, आणि त्याकरितां आपलें नांव बदलण्याची गरज त्यास वाटत नाहीं. धमकीनें जें कधीं साधलें नसतें, तें प्रेमानें कोणालाहि न दुखवितां साधलें. दासोपंत आणि शेख महंमद यांचीं चरित्रें शेजारीं ठेवून वाचल्यावांचून त्या काळचा महाराष्ट्र पुरता कळत नाहीं, असें मला वाटतें.

आध्यात्मिक प्रेम हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. व्याख्यानांतून त्याचा असा कांहीं वर्षाव होतो कीं, तें एखादें गोड औषध असावें आणि चार चमचे घेतल्यास भय व अहंकार नाहींसे व्हावे असें वाटूं लागतें. अंबाजोगाईच्या कथा तसें सांगत नाहींत. त्या सांगतात कीं प्रेमाची किंमत द्यावी लागते. जैतपाळाला आपला हुकूम अर्ध्यावर सोडावा लागला, दासोपंतांना वतन सोडावें लागलें, आणि पुढें 'दत्त माझाच' हा हट्टहि सोडावा लागला. आपणां संसारी माणसांवर बादशहाची कोठडी येत नाहीं. पण पगार, प्रतिष्ठा, मुलांच्या परीक्षा, नातलगांतील मान यांपैकीं कशाना कशापायीं आपण मनानें गहाण पडलेले असतोंच. आणि घरांत आपल्या शब्दाची अंमलबजावणी रिकिबींत पाय ठेवण्याइतक्या वेळांत व्हावी, ही अपेक्षा कोणत्या गृहस्थाला नसते?

दासोपंतांनीं शके १५३७ च्या माघांत देह ठेविला. त्यांची समाधि अंबाजोगाईसच आहे. योगेश्वरीच्या दर्शनास जाणाऱ्यांनीं ओटी भरून झाल्यावर देवघराची वाट विचारावी आणि त्या पासोडीची चौकशी करावी. ज्या मुलाचा देह एकदां थकलेल्या साऱ्याच्या मोबदल्यांत धरला गेला होता, त्याच्याच हातचें तें अक्षर आहे.