एकादशी आणि दुप्पट खाशी : वखवखीचा इतिहास आणि तिच्यावरचे उपाय

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं की, तत्त्वज्ञानाच्या माणसाला खाण्याशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. इच्छा आणि विवेक यांचं भांडण आपण पुस्तकात वाचतो, पण ते रोज प्रत्यक्ष होतं ते आपल्या ताटावर. आणि वालावलसारख्या गावात, लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळ, जिथं उपास आणि समाराधना दोन्ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या आहेत, तिथं हा विषय काढायला हरकत नसावी.

आधी कशाबद्दल बोलतो आहोत ते नक्की करू. लग्नात दोन जिलब्या जास्त खाल्ल्या, हा आजचा विषय नव्हे. आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे, वखवख. भूक नसताना खावंसं वाटतं, एकदा सुरुवात केली की थांबता येत नाही, कुणी बघत नसताना घाईघाईनं खाल्लं जातं, पोट दुखेपर्यंत खाल्लं जातं आणि नंतर स्वतःचीच शरम वाटते. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 साली अशा खाण्याचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं. पण स्वतंत्र आजार म्हणून तिकडच्या मानसोपचाराच्या अधिकृत ग्रंथात त्याला जागा मिळाली ती थेट 2013 मध्ये. आठवड्यातून निदान एकदा, आणि असं तीन महिने होत असेल, तर तो आजार समजावा, असं तिथं धरलेलं आहे. म्हणजे वैद्यकाला नाव ठेवायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. तोवर नाव एकच होतं, हावरट.

आता आपल्या एका म्हणीकडे वळू. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी.’ ही म्हण आपण थट्टेनं वापरतो, ढोंग उघडं पाडायला वापरतो. पण तिच्यात एक निरीक्षण आहे. ज्या दिवशी खायचं नाही असं ठरवलं, त्याच दिवशी जास्त खाल्लं गेलं. का बरं? माणूस लबाड होता म्हणून, की ‘नाही’ म्हटल्यामुळेच मन तिकडे धावलं म्हणून?

दुसरं उदाहरण घ्या. श्रावणात मासे-मटण बंद. म्हणून आदल्या दिवशी, आषाढ अमावास्येला, मुंबई-पुण्याकडे ज्याला गटारी म्हणतात तो कार्यक्रम. उद्यापासून बंद आहे, तेव्हा आज खाऊन घ्या! बंदी अजून सुरूही झालेली नाही, नुसती दिसू लागली, तरी हात सुटतो. ‘सोमवारपासून डाएट’ म्हणणाऱ्या माणसाचा रविवार आठवून बघा. तीच ही गटारी.

उपासाच्या पदार्थांचा इतिहासही बोलका आहे. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, आणि ज्या कंदापासून आज आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सगळी मंडळी मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या काळात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आला. टॅपिओकाच्या साबुदाण्याचे कारखाने तामिळनाडूत सेलमकडे निघाले ते 1940 नंतर. जुन्या यादीत या वस्तू नव्हत्या, म्हणून त्यांना मनाईही नव्हती. त्या उपासाच्या ताटात शिरल्या आणि ताट भरलं. बंदी जितकी पदार्थांच्या यादीवर अवलंबून, तितक्या तिच्यात फटी निघतात. मन त्या शोधून काढतंच.

हे नुसतं आपल्याकडचं निरीक्षण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले 36 धडधाकट तरुण स्वेच्छेनं पुढे आले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं ते समजावं, हा हेतू. त्यांचं वजन सुमारे चौथ्या हिश्शानं उतरलं. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या तरुणांच्या डोक्यात दिवसभर अन्नाशिवाय काही राहिना. काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि पुरेसं अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातले काही इतकं खायचे की पोट टम्म झालं तरी भूक वाटायचीच. ही माणसं चारित्र्यानं कमकुवत नव्हती. शरीराला उपासमारीची भीती बसली होती. सगळे उपास असे बाधतात असं नाही. कित्येकांचे उपास शांतपणे पार पडतात. पण ज्याला वखवखीचा त्रास आहे त्याला कडक उपास हे औषध नव्हे, हे यातून दिसतं.

मग आपल्या परंपरेत नुसत्या बंद्याच होत्या का? नाही. आयुर्वेदात विषमाशन असा शब्द आहे. अवेळी खाणं, फार खाणं, आणि फार थोडं खाणं, या तिन्हींना मिळून तो एकच शब्द. म्हणजे उपाशी राहणं आणि ठासून खाणं ही एकाच दोषाची दोन टोकं, हे त्या वैद्यांना दिसलं होतं. वाग्भटानं पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवायला सांगितला. गीतेच्या सहाव्या अध्यायातही अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, असं दोघांना एकाच ओळीत बसवलेलं आहे.

याहून व्यवहाराची गोष्ट पाली वाङ्मयात आहे. ते वाङ्मय मराठीत आणण्याचं मोठं काम केलं आपल्या शेजारच्या गोव्यातल्या, साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी. कोसल देशाचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात खायचा. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपास सांगितला नाही, पापीही म्हटलं नाही. भान ठेवून, मापानं जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो आणि आयुष्य नीट चालतं, अशा अर्थाची एक गाथा म्हटली. राजानं जवळच्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि आपण जेवत असताना रोज म्हणायला सांगितली. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देऊ केले. राजाचं जेवण हळूहळू उतरत नाळीभर भातावर आलं. या गोष्टीत तीन गोष्टी आहेत बघा. ऐन जेवणाच्या वेळी आठवण, सोबतीला माणूस, आणि हळूहळू. आजचा समुपदेशक याहून फार वेगळं सांगत नाही.

गेल्या शतकात आणखी एक प्रयोग झाला. गांधीजींच्या आश्रमाच्या व्रतांमध्ये अस्वाद हे एक व्रत होतं. अन्न औषधासारखं, लागेल तेवढंच घ्यावं, चवीसाठी नव्हे. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या व्रताची चर्चा केली. विनोबा त्या आश्रमातले, आणि काका कालेलकरही. त्यांचं आडनाव ज्यावरून आलं ते कालेली आपल्या सावंतवाडीजवळचंच. या व्रतातली एक गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. तिथं खाण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि सगळे एकत्र जेवत. पण जीभ हीच शत्रू, असं वखवखीनं पिडलेल्या माणसाला सांगितलं, तर त्याच्या शरमेत भर पडते. आणि ही शरमच त्याला पुन्हा डब्याकडे नेते.

आणखी एक गोष्ट इतिहासात सहसा लिहिली जात नाही. आपल्या घरांतली शेवटची पंगत बायकांची असे. दिवसभर चुलीपुढे, आणि जेवण तीन वाजता, उरेल त्याचं. बऱ्याच घरांतल्या विधवांना तर एकभुक्तच राहावं लागे. अशा बाईनं संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, कुणी पाहणार नाही अशा बेतानं काही तोंडात टाकलं, तर तिला चोरटी म्हटलं गेलं. तिचं जेवण कुणी वेळेवर वाढलं नव्हतं, हे कुणी म्हटलं नाही. आजही उपास आणि ‘वजन कमी कर’ ही दोन्ही ओझी घरातल्या बाईवर आणि मुलींवरच जास्त पडतात.

आता उपायांकडे. पहिला उपाय, वेळ. तीन जेवणं आणि मध्ये दोन छोटी खाणी, आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर नको. ऑक्सफर्डचे क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी या आजारासाठी जी उपचारपद्धती बसवली तिचा पाया हाच आहे. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं घेऊन माणसं शेतात उतरत. पोट रिकामं पडू द्यायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसरा उपाय, वही. काय खाल्लं, कधी, कुठं, आणि त्याआधी मनात काय होतं, हे त्याच वेळी लिहायचं. कॅलरी मोजायच्या नाहीत. पंधरा दिवसांत दिसू लागतं की वखवख एकटेपणात येते, भांडणानंतर येते की दुपारचं जेवण चुकल्यावर येते.

तिसरा, ताट वाढून घेणं. डब्यातून, पातेल्यातून, फरसाणाच्या पिशवीतून खायचं नाही. खाली किंवा टेबलाशी बसायचं आणि जमेल तेव्हा कुणाबरोबर जेवायचं.

चौथा, लाट ओसरू देणं. व्यसनांवर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट म्हणत की, इच्छा लाटेसारखी चढते आणि उतरते. तिच्याशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगायचं. समुद्राजवळच्या माणसांना हे जास्त सांगायला नको. तेवढा वेळ हात गुंतवावेत. कर्लीच्या काठानं फेरी मारावी, आंघोळ करावी, मैत्रिणीला फोन लावावा. अशा कामांची यादी शांत असताना करून ठेवावी, कारण लाट आल्यावर काही सुचत नाही.

पाचवा, बंदीची यादी लहान करणं. ज्या पदार्थाला आपण कायमचं हद्दपार केलं, तोच रात्री अकराला बोलावतो. तो ठरवून, ताटात, थोडा, इतरांबरोबर परत आणावा. मधुमेह किंवा दुसरा आजार असेल तर हे डॉक्टरांना विचारून करावं.

आणि सहावा, मदत. खाल्लेलं ओकून काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, जीव नकोसा वाटणं, असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये. सरकारची टेली-मानस ही सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे. घरच्यांना एवढंच सांगू की, ताटाकडे बघून टोमणे मारू नका. जेवायची वेळ झाली की हाक मारा, सोबत बसा.

शेवटी एकच. आज रात्री कुणाच्या हातून जास्त खाल्लं गेलं, तर उद्या त्याचं प्रायश्चित्त म्हणून उपास करू नये. तो उपासच पुढच्या वखवखीची तयारी करतो. उद्या सकाळी, नेहमीच्या वेळेला, नेहमीची पेज घ्यावी. आता आपले प्रश्न असतील तर विचारावेत.