सर्वांची शाळा आणि धर्माचा तास

मुलाला शाळेंत घालतांना आईबाप आपल्या अधिकाराचा कांहीं भाग शिक्षकाच्या स्वाधीन करतात. अक्षरें, अंक, भूगोल, शिस्त या गोष्टी शिक्षकानें शिकवाव्या, यांत कोणाला वावगें वाटत नाहीं. परंतु धर्म कोणीं शिकवावा? शाळा एकाच पंथाची असेल तर उत्तर सोपें आहे. पण शाळा सर्वांच्या करांवर चालणारी असली, आणि एकाच बांकावर निरनिराळ्या धर्मांचीं मुलें बसत असलीं, म्हणजे हा साधा प्रश्न फार बिकट होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रोमन कॅथॉलिक लोकांना या प्रश्नाशीं शंभराहून अधिक वर्षें झुंजावें लागलें. ती हकीकत आज मला आपणांस सांगावयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत सार्वजनिक शाळांची चळवळ जोरानें पसरली. १८३७ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शिक्षणमंडळाचे चिटणीस झालेले होरेस मान हे तिचे अध्वर्यु होत. नाना पंथांचीं मुलें एकत्र आणावयाचीं तर कोणत्याहि एका पंथाची शिकवण शाळेंत असूं नये, हें त्यांना पटलें होतें; परंतु धर्म अजीबात वगळावा, असें मात्र त्यांना वाटत नव्हतें. म्हणून त्यांनीं मधला मार्ग धरला: शाळेंत बायबल वाचावें, पण शिक्षकानें त्यावर भाष्य करूं नये. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांना ही तोड मानवली. कॅथॉलिकांना ती मानवणें कठीण होतें. शाळेंत वाचलें जाई तें भाषांतर राजा जेम्सच्या आज्ञेनें झालेलें, १६११ सालचें; कॅथॉलिकांचें इंग्रजी भाषांतर निराळें. प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटीं प्रॉटेस्टंट जी पुस्ती जोडीत, ती कॅथॉलिक मुलांच्या घरीं म्हणत नसत. दहा आज्ञांची गणतीसुद्धां वेगळी. मूर्ति करूं नये ही आज्ञा बहुतेक प्रॉटेस्टंट स्वतंत्र दुसरी म्हणून मोजतात, तर कॅथॉलिक तिचा समावेश पहिलीच्याच पोटांत करतात. शिवाय चर्चनें लावलेल्या अर्थावांचून ग्रंथ नुसता वाचावयाचा, ही रीतच मुळीं कॅथॉलिकांची नव्हे. शाळेच्या चालकांना जें निःपक्षपाती वाटत होतें, तेंच या आईबापांना दुसऱ्याच्या धर्माचें शिक्षण वाटत होतें. आणि आपापल्या परीनें दोन्हीं पक्ष प्रामाणिक होते.

आयर्लंडांतून येणाऱ्या गरीब कुटुंबांची रीघ लागली, तसा हा वाद पेटला. न्यू यॉर्क शहरांतील शाळांचा सरकारी पैसा तेव्हां ‘पब्लिक स्कूल सोसायटी’ या खासगी संस्थेमार्फत खर्च होत असे. १८४० सालीं राज्याचे गव्हर्नर विल्यम सीवर्ड यांनीं अशी सूचना केली, कीं परदेशांतून आलेल्या लोकांच्या मुलांना त्यांच्याच भाषेचे व धर्माचे शिक्षक मिळावे. त्या आधारावर बिशप जॉन ह्यूज यांनीं कॅथॉलिक शाळांसाठीं सार्वजनिक निधींतील वांटा मागितला आणि नगरसभेपुढें स्वतः उभे राहून वाद केला. १८४२ सालीं कायदा झाला. त्यानें सोसायटीची मक्तेदारी मोडली आणि शाळा लोकनियुक्त मंडळाकडे गेल्या. परंतु पंथाची शिकवण देणाऱ्या शाळेस पैसा द्यावयाचा नाहीं, असेंहि त्याच कायद्यानें ठरविलें. ह्यूज यांनीं लढा जिंकला, पण वांटा मिळाला नाहीं. पुढें त्यांनीं आपली सारी शक्ति स्वतःच्या शाळा काढण्याकडे वळविली.

फिलाडेल्फियांत याहून वाईट घडलें. १८४२ सालीं तेथील बिशप फ्रान्सिस केनरिक यांनीं शाळामंडळास विनंती केली, कीं कॅथॉलिक मुलांना आपलें भाषांतर वाचूं द्यावें आणि इतर धार्मिक पाठांतून मोकळीक द्यावी. मागणी सौम्य होती. परंतु ‘परकी लोक आमच्या शाळेंतून बायबल हांकलीत आहेत’ अशी हांकाटी झाली. १८४४ च्या मे महिन्यांत दंगल उसळली. सेंट मायकेल व सेंट ऑगस्टिन हीं दोन चर्चें जाळण्यांत आलीं, घरें भस्मसात् झालीं, माणसें मेलीं. जुलैमध्यें पुन्हां रक्तपात झाला. शाळेंत कोणतें पुस्तक वाचावें, या प्रश्नाचें एवढें मोल शहरानें दिलें.

तरीहि माझ्या मनांत अधिक खोल रुतून बसली आहे ती बोस्टनची एक लहानशी घटना. १८५९ च्या मार्च महिन्यांत तेथील एलियट शाळेंत टॉमस व्हॉल नांवाच्या सुमारें दहा वर्षांच्या मुलानें प्रॉटेस्टंट पद्धतीच्या दहा आज्ञा म्हणण्यास नकार दिला. शिक्षकानें वेताच्या छडीनें त्याच्या हातांवर अर्धा तास मार दिला. मुलगा शेवटीं नमला. पण त्यानंतर शेंकडों कॅथॉलिक मुलांनीं तोच नकार दिला आणि त्यांना शाळेंतून घालवून देण्यांत आलें. मुलाच्या बापानें फिर्याद केली. न्यायालयानें शिक्षकास निर्दोष ठरविलें. शाळेचा नियम सर्वांना सारखा आहे, आणि मुलानें तो मोडला, असा त्या निकालाचा सूर होता. नियम सारखा होता हें खरें. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता, हें त्या मुलाच्या हातांना ठाऊक होतें.

अशा अनुभवांतून कॅथॉलिकांनीं स्वतंत्र शाळांचा मार्ग पत्करला. १८८४ सालीं बॉल्टिमोर येथें भरलेल्या बिशपांच्या तिसऱ्या महासभेनें ठराव केला, कीं प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आंत धर्मग्रामाची शाळा असावी आणि आईबापांनीं आपलीं मुलें तेथें पाठवावीं. पुढच्याच वर्षीं त्या सभेच्या आज्ञेनें तयार झालेली धर्माची प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. तिच्या प्रचलित आवृत्तींत ४२१ प्रश्न होते, आणि कित्येक पिढ्यांनीं ते तोंडपाठ केले. मधेंच तडजोडीचेहि प्रयत्न झाले. न्यू यॉर्क राज्यांतील पकिप्सी गांवीं १८७३ पासून धर्मग्रामाच्या शाळेची इमारत सार्वजनिक शाळेसाठीं नाममात्र भाड्यानें दिली जाई; धर्मभगिनी तेथें शिकवीत, आणि धर्माचा पाठ शाळेच्या वेळेबाहेर होई. पंचवीस वर्षें ही व्यवस्था गुण्यागोविंदानें चालली. १८९८ मध्यें राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्यानें ती बेकायदेशीर ठरविली.

स्वतंत्र शाळांचें हें जाळें अजस्त्र होतें. तरी तें सर्व मुलांपर्यंत पोंचलें नाहीं. जेथें वस्ती विरळ, जेथें धर्मभगिनी मिळत नाहींत, जेथें फी परवडत नाहीं, तेथील मुलें सार्वजनिक शाळेंतच जात राहिलीं. त्यांचें काय करावयाचें? या प्रश्नाला चर्चजवळ एक जुनें उत्तर होतें. सोळाव्या शतकांत मिलान शहरांत कास्तेल्लिनो नांवाच्या धर्मगुरूनें रस्त्यांतील मुलें सुटीच्या दिवशीं गोळा करून त्यांना धर्म व अक्षरें शिकविण्यास आरंभ केला, आणि पुढें आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनीं त्या कामाला शिस्त लावली. शिकविणारे बहुधा साधे गृहस्थ व गृहिणी असत. १९०५ सालीं पोप दहावे पायस यांनीं प्रत्येक धर्मग्रामांत असा धर्मशिक्षणसंघ स्थापन करण्याची आज्ञा केली. ज्या सरकारी शाळांतून धर्माचें नांवहि निघत नाहीं, तेथील तरुणांसाठीं शहरोशहरीं खास वर्ग काढावे, असेंहि सांगितलें.

अमेरिकेंत ही आज्ञा ज्यांनीं अंगीं बाणविली त्यांत एडविन ओ’हारा यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. ओरेगॉन राज्याच्या खेड्यांत धर्मगुरु म्हणून काम करीत असतां त्यांनीं पाहिलें, कीं शेतकऱ्यांचीं मुलें चर्चपासून कोसच्या कोस दूर आहेत. १९२१ मध्यें त्यांनीं उन्हाळ्याच्या सुटींत धर्मशाळा भरविली. टपालानें पाठ पाठविण्याची पद्धतिहि उचलून धरली. १९३० सालीं ते बिशप झाले, आणि धर्मशिक्षणसंघाची राष्ट्रीय उभारणी प्रामुख्यानें त्यांच्या हातून झाली. या संघाचे कांहीं स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलें वर्गाला आणीत. बायबलांतील दृष्टांतास अनुसरून त्यांना ‘कोळी’ म्हणत. दिवसभर नोकरी करून संध्याकाळीं शिकविणारी एखादी बाई, एक खोली, पंधरावीस कंटाळलेलीं मुलें: या चळवळीचें खरें स्वरूप एवढेंच होतें.

त्याच ओरेगॉनमध्यें १९२२ सालीं मतदारांनीं असा कायदा केला, कीं आठ ते सोळा वर्षांच्या मुलांनीं सार्वजनिक शाळेंतच गेलें पाहिजे. कॅथॉलिक शाळांवर हा घाव होता. धर्मभगिनींच्या एका संस्थेनें दाद मागितली आणि १९२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें कायदा रद्द केला. मूल ही राज्याची मालमत्ता नव्हे, त्याचें पालनपोषण करणाऱ्यांस त्याला वळण लावण्याचा अधिकार आहे, हें तत्त्व त्या निकालानें प्रस्थापित केलें.

आतां आपण या कथेच्या सर्वांत शिकण्यासारख्या भागाकडे येऊं. १९१४ सालीं इंडियाना राज्यांतील गॅरी शहरीं शाळाधिकारी विल्यम वर्ट यांनीं एक युक्ति काढली: आठवड्यांतून कांहीं तास मुलांना शाळेंतून मोकळें करावें, आणि ज्यानें त्यानें आपल्या पंथाच्या वर्गास जावें. प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक, ज्यू या सर्वांनीं ती उचलली. इलिनॉय राज्यांतील शॅम्पेन गांवीं १९४० पासून हे वर्ग शाळेच्याच इमारतींत भरूं लागले. ज्यांच्या आईबापांनीं संमति दिली नसेल त्या मुलांनीं दुसरीकडे जाऊन बसावयाचें. वॅष्टी मॅकॉलम या बाईंचा कोणत्याच धर्मावर विश्वास नव्हता; त्यांचा मुलगा वर्गाबाहेर एकटा बसूं लागला, सोबत्यांच्या चेष्टेचा विषय झाला. बाईंनीं खटला भरला. गांवानें त्यांचा छळ केला. पण १९४८ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. करांच्या पैशानें उभारलेली इमारत आणि सक्तीच्या शिक्षणाची यंत्रणा पंथांच्या कामीं लावतां येणार नाहीं, असें न्यायालय म्हणालें.

चार वर्षांनीं, १९५२ मध्यें, न्यू यॉर्कचा खटला आला. तेथें मुलें आठवड्याला एक तास शाळेबाहेर जात. आईबापांची लेखी मागणी लागे. खर्च सारा धर्मसंस्थांचा. सहा विरुद्ध तीन मतांनीं ही पद्धति वैध ठरली. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ति ब्लॅक यांना इमारतीचा फरक महत्त्वाचा वाटला नाहीं. आणि न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं, ज्यांचीं स्वतःचीं मुलें धर्मसंस्थेच्या शाळेंत शिकलीं होतीं, असें दाखवून दिलें कीं जें मूल धर्माच्या तासाला जात नाहीं त्याच्यापुरती शाळा त्या वेळीं तुरुंग होते. पुढें १९६२ व १९६३ च्या निकालांनीं सरकारी शाळांनीं चालविलेल्या प्रार्थना व बायबलवाचन बंद झालें. कॅथॉलिक शाळांत १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत ५२ लाखांहून अधिक मुलें होतीं; आज तो आंकडा १७ लाखांच्या आसपास आला आहे. म्हणजे धर्मशिक्षणाचा मोठा भार आज पुन्हां त्या एका खोलीवर आणि त्या स्वयंसेवकांवर येऊन पडला आहे.

या साऱ्या इतिहासांतून मला एक गोष्ट दिसते. सर्वांच्या शाळेंत धर्माला जागा असावी कीं नसावी, हा वाद आपण तत्त्वाचा म्हणून घालतों. परंतु तो सुटतो किंवा चिघळतो तो लहान लहान प्रश्नांवर. खोली कोणाची, पैसा कोणाचा, तास कोणाचा, हजेरी कोणीं घ्यावी? आणि या सर्वांहून मोठा प्रश्न असा, कीं जें मूल सामील होत नाहीं तें त्या वेळीं कोठें असतें? १८५९ सालीं तें मूल कॅथॉलिक होतें आणि त्याच्या हातांवर छडी पडत होती. ऐंशीपंचाऐंशी वर्षांनीं तें मूल एका नास्तिक बाईचें होतें. छडी गेली होती, पण एकटेपण तेंच होतें. आणि एके काळीं ज्यांच्या मुलांनीं मार खाल्ला, त्यांचेहि वर्ग आतां त्याच इमारतींत भरत होते.

आपल्या देशालाहि हा प्रश्न परका नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानें सामान्य नियम घालून दिला आहे: सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेंत धर्मशिक्षण नाहीं, आणि सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेंत अज्ञान मुलाच्या पालकाच्या संमतीवांचून त्याची सक्ति नाहीं. वसईच्या धर्मग्रामांत आजहि रविवारीं मुलें ख्रिस्ती धर्माचे पाठ घेतात, आणि सोमवारीं तींच मुलें इतर धर्मांच्या मुलांशेजारीं शाळेंत बसतात. ज्या आईबापांना आपला धर्म मुलांच्या हातीं द्यावयाचा आहे, त्यांनीं तो द्यावा. त्यासाठीं स्वतःचा वेळ, स्वतःची खोली आणि स्वतःचे श्रम खर्चावे. असा धर्म मुलाला अधिक आपला वाटतो, असें मला या इतिहासावरून म्हणावेंसें वाटतें. आणि सर्वांच्या शाळेंत कोणताहि नवा नियम करावयाचा झाला, तर मंडळाच्या सभासदांनीं प्रथम वर्गाच्या दाराबाहेर बसलेल्या त्या एका मुलाकडे पाहावें, मग मत द्यावें.