मानवी चूक, भय आणि संगणकीय रचना : सातबाऱ्यावरील पीकनोंदीचा इतिहास

चूक केवळ वापरणाऱ्याच्या अज्ञानातून नव्हे, तर साधनाच्या सदोष रचनेतूनही उद्भवते, हे डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या ग्रंथात प्रतिपादन केले. २००४ मध्ये त्यांनी रचनेतील भावनांचाही विचार मांडला. सातबाऱ्याच्या इतिहासात या दोहोंचा प्रत्यय येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ ने लेखनप्रमादाच्या दुरुस्तीची तरतूद केली. मात्र हा अधिकार महसूल अधिकाऱ्याकडे होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे शेतकरी मोबाइलवर पिकाची नोंद स्वतः करू लागला. तलाठ्याची लेखणी त्याच्या हाती आली, तशी चुकीची जबाबदारीही आली. मलकापूर परिसरातील कापूस वा सोयाबीन उत्पादकास चुकीच्या नोंदीमुळे नुकसानभरपाई किंवा हमीभावाची खरेदी हुकण्याचे भय वाटणे स्वाभाविक आहे. २०२२ च्या सुधारित आवृत्तीने ४८ तासांत एकदा स्वतः दुरुस्ती करण्याची मुभा दिली. चूक गृहीत धरणारी ही रचना महत्त्वाची होय. तथापि ४८ तास उलटल्यानंतर चूक लक्षात आल्यास ही मुभा उरत नव्हती. सारांश, नोंदीचा अधिकार ज्याला दिला, त्याला दुरुस्तीचा पुरेसा अवधीही मिळाला पाहिजे; अन्यथा भय कायम राहते.