घारापुरीचा हत्ती आणि न झालेली पांढरी इमारत

न्हावा शेवाच्या बंदरासमोर, खाडीत, घारापुरीचं हिरवं बेट दिसतं. पोर्तुगीजांनी त्याला 'एलिफंटा' म्हटलं ते तिथल्या एका प्रचंड दगडी हत्तीमुळे. नाव राहिलं, हत्ती गेला. १८१४ साली त्याची मान आणि डोकं निखळून पडलं. १८६४ मध्ये त्याचे अवशेष बेटावरून उचलून मुंबईला नेले गेले. त्याला इंग्लंडला न्यायचं होतं, पण उचलताना यारीच तुटली, असं सांगतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुकडे जोडून तो उभा केला गेला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात आहे.

ज्या अंगणात आपल्या खाडीतला हा हत्ती जाऊन थांबला, त्याच आवारात दहा वर्षांपूर्वी मुंबईतला एक मोठा वास्तू-वाद रंगला. संग्रहालयाला नवी, आधुनिक इमारत जोडायची की नाही? जोडायची तर कशी, आणि ते ठरवणार कोण?

आधी जुन्या इमारतीबद्दल. १८६२ मध्ये तिची पायाभरणी झाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड हे तिच्यामागचे प्रमुख लोक. पैसा मुख्यतः वर्गणीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि बांधकाम रखडलं. शेवटी सरकारने हात दिला आणि २ मे १८७२ रोजी 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' लोकांसाठी उघडलं. बाहेरून इटालियन धाटणी, आत ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. आज आपण जिला 'वारसा' म्हणतो ती इमारत तेव्हा परक्या शैलीतली, अगदी ताजी, आधुनिक होती.

१९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. गोव्यात जन्मलेला हा डॉक्टर मुंबईचा पहिला भारतीय शेरीफ होता. पण नाव बदललं तरी इमारतीची दैना संपली नाही. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन तिची दुरुस्ती केली. विकास दिलावरी हे त्या कामाचे वास्तुविशारद. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

मग प्रश्न आला जागेचा. जुनी इमारत देखणी, पण लहान. मोठी प्रदर्शनं, वाचनालय, मुलांचे वर्ग हे सगळं तिच्यात बसणार कसं? म्हणून नव्या उत्तर दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. झाहा हदीद, ओएमए, अमांडा लेव्हेट अशी बडी नावं अंतिम यादीत होती. २०१४ मध्ये निवड झाली अमेरिकन वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांची. सुमारे १,२५,००० चौरस फुटांची पांढऱ्या काँक्रीटची इमारत, तिच्यात खोल खाचा आणि त्या खाचांतून दालनांत झिरपणारा उजेड. मधल्या खाचेतून पावसाचं पाणी एका कुंडात उतरणार. कल्पना आपल्या पायऱ्यांच्या विहिरींवरून घेतलेली. पाण्याखाली सौरपट्ट्या बसवून साठ टक्के वीज तिथेच तयार करायचा इरादा होता.

कागदावर हे सगळं मोहक होतं. वाद निघाला तो निरनिराळ्या तोंडांनी.

एक बाजू डोळ्यांची. नाजूक नक्षीच्या जुन्या इमारतीशेजारी हा पांढरा ठोकळा शोभेल का? मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात पांढरं काँक्रीट किती दिवस पांढरं राहील? दुसरी बाजू मालकीची. वास्तू आणि जमीन महापालिकेची, म्हणजे करदात्यांची. मग कारभार खासगी भागीदार असलेल्या विश्वस्तांकडे का, असा आक्षेप नगरसेवकांनी घेतला. तिसरी बाजू बागेची. याच राणीच्या बागेतल्या प्राणीसंग्रहालयाच्या नव्या आराखड्याविरुद्ध नागरिक वर्षानुवर्षं झाडांसाठी भांडत होते. तिथे नव्या बांधकामाचं नाव काढलं की संशय येणं साहजिक होतं.

समर्थकांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांचं गोदाम नव्हे. शहर वाढतं तसं त्यालाही वाढावं लागतं. आणि जुन्याची नक्कल करून बांधलेली नवी इमारत ही जुन्याचा आदर नसून फसवणूक असते.

असे वाद जगभर झाले. भायखळ्याच्या संग्रहालयाने जिचं नाव घेतलं होतं, त्या लंडनच्या व्ही अँड एने १९९६ मध्ये डॅनियल लिबेस्किंड यांचा 'स्पायरल' निवडला. वाकड्यातिकड्या भिंतींच्या त्या इमारतीवर वर्षानुवर्षं वाद झाला, पैसा उभा राहिला नाही आणि २००४ मध्ये ती सोडून द्यावी लागली. पुढे तिथेच अमांडा लेव्हेट यांनी अंगणाखाली, जमिनीच्या पोटात नवं दालन बांधलं. २०१७ मध्ये ते उघडलं.

पॅरिसची गोष्ट न्हावा शेवाच्या माणसाला जास्त टोचेल. जानेवारी १९८४ मध्ये आय. एम. पेई यांनी लूव्रच्या अंगणातल्या काचेच्या पिरॅमिडचा आराखडा वारसा समितीपुढे मांडला आणि एकच गदारोळ झाला. तो आराखडा राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी स्पर्धा न घेताच दिलेल्या कामाचा होता, हाही राग होता. तेव्हा १९८५ मध्ये पिरॅमिडच्या आकाराच्या तारा अंगणात खऱ्या मापात ताणल्या गेल्या. लोक आले, त्यांनी मान वर करून पाहिलं, विरोध बराच निवळला. मार्च १९८९ मध्ये पिरॅमिडचं उद्घाटन झालं.

त्याच जानेवारी १९८४ मध्ये, १६ आणि १७ तारखेला, आपल्या उरण-जासई भागात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. आणि मे १९८९ मध्ये, पिरॅमिडनंतर दोनच महिन्यांनी, न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं. एका शहराने अंगणात काय उभं राहणार हे लोकांना दोऱ्या बांधून दाखवलं. इथे शेत, मिठागर आणि कोळीवाडा यांच्या जागी काय येणार हे सांगण्याआधी मोजणीवाले आले.

ही तुलना सरळ नाही, हे मान्य. संग्रहालयाचं दालन आणि हजारो कुटुंबांची जमीन एका तराजूत बसत नाही. पण प्रश्न एकाच जातीचा आहे. जे सार्वजनिक आहे त्यात बदल करताना जनतेला कधी विचारायचं? आराखडा पक्का झाल्यावर, की आधी? भायखळ्याला स्पर्धा झाली, परीक्षक होते, जगातली नामांकित नावं होती. पण जवळच्या लालबाग-परळच्या चाळींतल्या माणसाला ती इमारत भेटली ती बातमीतल्या चकचकीत चित्रातून. ज्याला विचारलेलं नसतं त्याला चांगली वस्तूही लादलेली वाटते.

ती पांढरी इमारत आजवर उभी राहिलेली नाही. विरोधकांनी याला विजय समजायचं कारण नाही, कारण जागेची अडचण होती तिथेच आहे. करोनाकाळात बंद झालेलं संग्रहालय डागडुजीनंतर पुन्हा उघडलं ते थेट २०२५च्या सुरुवातीला. न बांधणं हाही निर्णयच असतो, फक्त त्याची जबाबदारी कुणी घेत नाही.

या संग्रहालयाचं आवार तसंही मुंबईच्या न सुटलेल्या प्रश्नांचं घर आहे. १९६०च्या दशकात रस्त्यांवरून हटवलेले इंग्रज काळातले पुतळे इथेच आणून ठेवले गेले. ठेवायचे तर कुठे, फोडायचे तर कसे, हे न ठरल्यामुळे. त्यांच्या शेजारी आपला हत्ती. त्याला नेताना घारापुरीच्या राजबंदर, शेतबंदर, मोराबंदरच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. दुचाकीला त्यावर मनाई, पण गाडीने न्हावा शेवाहून शिवडी गाठली की भायखळा जवळच. एकदा जाऊन हत्ती बघा, मग जुन्या इमारतीत शिरा आणि ती अपुरी पडते का ते स्वतःच ठरवा. उद्या पुन्हा नवा आराखडा आलाच, तर आपली मागणी साधी असावी. आधी त्या जागेवर बांबू आणि दोऱ्यांनी खऱ्या मापाचा सांगाडा उभा करा, मराठीत सुनावणी घ्या, मग मतं मागा. त्यात परळचा गिरणी कामगार बोलेल, बागेतला सकाळचा फिरस्ता बोलेल. घारापुरीच्या माणसालाही बोलावलं पाहिजे, कारण त्या अंगणातली सर्वात जुनी वस्तू त्याच्या गावची आहे.