आगबोटीवरची बक्षिसी

विलायतेहून येणारी मेलबोट मुंबईच्या बॅलर्ड पिअरला लागण्याच्या आदल्या सायंकाळी, मोठ्या पेट्या केबिनीबाहेर काढून ठेवल्यावर आणि भोजनगृहातील अखेरचे जेवण आटोपल्यावर, पहिल्या वर्गाच्या उतारूंना आणखी एक कामगिरी उरकावयाची असे. ती तिकिटावर कोठेही लिहिलेली नसली तरी तिकिटाइतकीच अपरिहार्य मानली जाई. केबिन झाडणारा, आंघोळीचे पाणी काढून ठेवणारा, मेजावर वाढणारा, डेकवरील खुर्चीत कांबळे आणून घालणारा, अशा प्रत्येक सेवकाच्या हाती ठरीव रक्कम ठेवल्यावाचून बोटीवरून उतरणे सभ्य गृहस्थाला शोभत नसे. ती किती द्यावी, केव्हा द्यावी, कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ केली असता त्याचा अवमान होईल, याचे एक शास्त्रच हळूहळू तयार झाले. आज सुट्टीत क्रूझवर जाणारे मराठी कुटुंब आपल्या खात्यावर रोज माणशी चढत जाणारी बक्षिसीची रक्कम पाहून बुचकळ्यात पडते, तेव्हा त्याच्यापुढे या जुन्या शास्त्राचेच नवे रूप उभे असते.

आपल्या भाषेत अशा देण्याला शब्दांची वाण नाही, आणि प्रत्येक शब्दाचा दर्जा निराळा आहे. बक्षीस हा फारसीतून आलेला शब्द देणाऱ्याच्या औदार्यावर उभा आहे. ते धन्याच्या मर्जीने मिळते आणि मर्जी फिरली की बंद होते. दिवाळीची पोस्त ही मर्जी आणि रिवाज यांच्या मध्यावर असते, कारण ती न मिळाल्यास चाकर उघडपणे मागू शकतो आणि मागितल्याबद्दल कोणी त्याला निर्लज्ज म्हणत नाही. दस्तुरी तर सरळ व्यवहारातील वाटा. आणि गावगाड्यातील बलुते यांपैकी कशातच बसत नाही, कारण खळ्यावर धान्याची रास पडली की सुताराने, लोहाराने, न्हाव्याने आपला वाटा न्यावयाचा तो कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून. आगबोटीवरील सेवकाला उतारूंकडून जे मिळत आले त्याला जगभर बक्षिसी म्हणण्यात आले; माझ्या मते ते पहिल्यापासून बलुत्याच्या जातीचे होते, फक्त त्याला बलुत्याचा दर्जा कोणी दिला नाही.

या प्रथेचे मूळ समुद्रावर नसून इंग्लंडातील श्रीमंतांच्या वाड्यांत आहे. अठराव्या शतकात अशा वाड्यात मेजवानीला गेलेला पाहुणा निघताना दाराशी चाकरांची रांग उभी राही, आणि टोपी देणाऱ्यापासून घोडा धरणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला काहीतरी दिल्याशिवाय त्याची सुटका होत नसे. त्या देण्याला ‘व्हेल्स’ म्हणत. लंडनच्या रस्त्यांतून छत्री घेऊन हिंडणारा आरंभीचा पुरुष म्हणून ज्याचे नाव सांगतात, त्या जोनास हॅनवेने १७६० च्या सुमारास या चालीविरुद्ध पत्ररूपाने लेखन केले. त्या वादात जी गोष्ट उघड झाली ती पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे: पाहुण्यांकडून चाकरांना प्राप्ती होते हे धन्याला ठाऊक असल्यामुळे तो मुशाहिरा कमी ठेवीत असे, आणि चाकरही त्या प्राप्तीवर हिशेब ठेवूनच नोकरी पत्करीत असे. औदार्य पाहुण्याचे दिसे, बचत मात्र यजमानाची होई.

एकोणिसाव्या शतकात वाफेच्या बोटी नियमाने धावू लागल्या, तेव्हा ही व्यवस्था जशीच्या तशी समुद्रावर गेली. १८४० मध्ये राजसनद मिळालेली पी. अँड ओ. कंपनी पूर्वेकडील टपाल नेऊ लागली, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मुंबई ते विलायत हा मार्ग साहेबलोकांच्या जाण्यायेण्याने गजबजून गेला. बोट म्हणजे तरंगता वाडा, उतारू म्हणजे पाहुणे, आणि कंपनी म्हणजे तो यजमान, ज्याला चाकरांचा पुरा पगार देण्याची निकड वाटत नव्हती.

ती निकड किती कमी होती हे ‘टायटॅनिक’च्या वेतनपटावरून कळते. १० एप्रिल १९१२ रोजी साउदॅम्प्टनहून निघालेल्या त्या बोटीवरील सामान्य स्टुअर्डाचा पगार महिना सुमारे ३ पौंड १५ शिलिंग होता, आणि घर चालविण्यास तो पुरत नसल्यामुळे प्रवासाच्या अखेरीस श्रीमंत उतारूंकडून मिळणाऱ्या रकमेवर त्याची सारी भिस्त असे. ती अखेर त्या बोटीला लाभली नाही. १५ एप्रिलच्या पहाटे बोट बुडाली आणि त्या क्षणापासून, तत्कालीन करारमदाराप्रमाणे, जगलेल्या व मेलेल्या सर्व नोकरांचा पगार थांबला. बर्फाळ पाण्यातून वाचून बाहेर आलेल्या स्टुअर्डाला त्यानंतरच्या एका तासाचेही वेतन देणे कंपनीला लागत नव्हते, आणि ज्यांनी बक्षिसी दिली असती त्यांतील कितीजण समुद्राच्या तळाशी गेले होते. बोट बुडाल्यामुळे बेकार झालेल्या खलाशाला दोन महिन्यांपर्यंत भरपाई द्यावी असा आंतरराष्ट्रीय करार १९२० मध्ये झाला. त्यासाठी आठ वर्षे आणि एक महायुद्ध जावे लागले.

याच सुमारास बक्षिसीचे शास्त्र छापील झाले. अमेरिकेत शिष्टाचारावर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या एमिली पोस्टबाईंचा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पहिल्या वर्गाच्या उतारूने केबिनीचा स्टुअर्ड, भोजनगृहाचा स्टुअर्ड आणि डेकवरचा स्टुअर्ड यांना प्रत्येकी १० शिलिंग द्यावेत असे सांगितले आहे. १९२७ मध्ये रुपयाचा भाव १ शिलिंग ६ पेन्स ठरला, त्या दराने ही रक्कम ६ रुपये १० आणे ८ पै होते. रक्कम लहान दिसते. पण जिचा दर ग्रंथात छापला जातो आणि जी न देणे असभ्यपणाचे ठरते, तिला मर्जीची देणगी म्हणणे हे शब्दांशी प्रामाणिक नाही.

आता हा हात पसरणारा माणूस कोण होता ते पाहू; मराठी वाचकाला या इतिहासाशी जोडणारा धागा येथेच आहे. हिंदुस्थानकडे येणाऱ्या बोटींवर नोकरांची वाटणी प्रदेश आणि जात पाहून झालेली असे. डेकवर सारंग आणि टंडेल यांच्या हाताखाली रत्नागिरीकडचे व गुजरातच्या किनाऱ्याचे खलाशी, भट्टीपाशी बव्हंशी पंजाबी व पठाण, आणि सलूनमध्ये, म्हणजे स्वयंपाकघर, मेज आणि केबिन या खात्यांत, गोव्याचे ख्रिस्ती. गोमंतकीयांना गोमांस, वराहमांस किंवा मद्य यांना हात लावण्यास धर्माची आडकाठी नव्हती आणि युरोपीय जेवणाची रीत पोर्तुगीज राज्यामुळे त्यांच्या परिचयाची होती, म्हणून सलूनचे काम त्यांच्याकडे आले आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिले. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. हे सारे नोकर ‘लस्कर’ या सदरात मोडत. त्यांचा करार निराळा, राहण्याची जागा अपुरी, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या आसपास. गोऱ्या स्टुअर्डालाच जेथे बक्षिसीवाचून भागत नव्हते, तेथे बार्देशच्या किंवा साष्टीच्या तारवट्याला ती काय वाटत असेल याचा हिशेब अवघड नाही. शिवाय बक्षिसी सर्वांच्या वाट्याला येत नसे. मेजावर वाढणाऱ्याला उतारू पाहतो, नावाने हाक मारतो. भट्टीत कोळसा ओढणाऱ्याचे तोंड त्याला वाटेत कधी दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याच्यासाठी खिशात हात जात नाही. या प्रथेचा हा मूलभूत अन्याय आहे, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

बोटीवरून उतरलेला तारवटी मुंबईत आपल्या गावाच्या कुडात जाई. धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत गोव्यातील एकेका गावाने स्वतःच्या लोकांसाठी चालविलेली ही बिऱ्हाडे होती. अल्प वर्गणी, भिंतीशी ओळीने मांडलेल्या ट्रंका, एका बाजूस वेदी, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची जपमाळेची प्रार्थना: परक्या शहरात बेकारीचे महिने निभावण्याची इतकी शहाणी व्यवस्था दुसऱ्या कोणत्या समाजाने केली असेल असे मला वाटत नाही. येथेच पुढच्या बोटीची वाट पाहावयाची. आणि वाट पाहताना, समुद्रावर जे हाती आले त्यातील बराच भाग जमिनीवर दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. कारण नोकरभरती कंपनीच्या कचेरीत होत असली तरी तिची दोरी मध्यस्थांकडे असे. सलूनसाठी बटलर आणि डेकसाठी सारंग माणसे निवडीत, त्यांच्यावर दलाल बसलेले असत, आणि ‘नली’, म्हणजे मागील नोकऱ्यांच्या दाखल्याची वही, कितीही स्वच्छ असली तरी पैशावाचून नाव पुढे सरकत नसे. सावकाराचे व्याज याहून वेगळे. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनने १९३१ च्या अहवालात खलाशांच्या भरतीतील या लाचलुचपतीची दखल घेतली आहे. म्हणजे उतारूने उदार मनाने दिलेले ६ रुपये १० आणे स्टुअर्डाच्या खिशात विसावत नसत. पुढची नोकरी मिळविण्यासाठी ते पुन्हा बाहेर पडत. बंदरातील संघटनांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईस व कलकत्त्यास सरकारी नोंदणीची कचेरी उघडून पाळीपाळीने नोकरी देण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा कोठे या मध्यस्थांचा जोर मोडला.

पुढे विमाने आली आणि मेलबोटींचा जमाना ओसरला. १९५० नंतरच्या दशकात लॉइड त्रिएस्तीनोच्या ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘एशिया’ या बोटींनी आणि अँकर लाइनच्या बोटींनी पुष्कळ मराठी विद्यार्थी युरोपात गेले. मोजके परकीय चलन खिशात असलेल्या त्या मुलांना शेवटच्या दिवशी स्टुअर्डाच्या नजरेला नजर देणे किती कठीण गेले असेल याची कल्पना सहज येते. मग तोही काळ संपला. कोठेतरी पोहोचण्यासाठी बोटीत बसण्याऐवजी बोटीत बसण्यासाठीच निघणारा प्रवासी तेवढा उरला. तो अगदी नवा नव्हता: हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालिनने १८९१ मध्येच आपली ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हिवाळ्यात भूमध्यसमुद्रात सहलीसाठी धाडली होती. पण या सहलींचा मोठा व्यापार झाला तो १९६६ पासून मायामी बंदरातून ‘सनवर्ड’ आणि तिच्यासारख्या बोटी सुटू लागल्यावर. परक्या देशांच्या निशाणाखाली नोंदलेल्या या बोटींवर नोकरही परदेशांतून, फिलिपाईन्स, इंडोनेशिया, हिंदुस्थान अशा देशांतून घेतले गेले. मूळ पगार थोडा आणि प्राप्ती बक्षिसीवर, हा जुना करारच पुन्हा लिहिला गेला. शेवटच्या रात्री केबिनीत कोरी पाकिटे ठेवली जात, एक केबिनवाल्याचे, एक वाढप्याचे, एक त्याच्या मदतनिसाचे, आणि सोबत सुचविलेल्या रकमांचा कागद.

२००० च्या सुमारास ही पाकिटेही मागे पडू लागली. उतारूने ठरलेल्या मेजावरच जेवावे हा नियम काही कंपन्यांनी सोडला, तेव्हा रोज निराळ्या माणसाने वाढलेल्या जेवणाची बक्षिसी कोणाला द्यावी हे ठरेना. म्हणून माणशी रोजची रक्कम खात्यावर परस्पर मांडण्याची पद्धत रूढ झाली. सध्या मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या बोटींवर ती साधारण १५ ते २० डॉलर आहे, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ४२० ते ५६० डॉलर पडतात. कापडे धुणारे, भांडी घासणारे असे नजरेआडचे लोकही बऱ्याच कंपन्यांत या वाटणीत येतात, आणि जुन्या प्रथेवरची ही खरी सुधारणा मी मानतो. पी. अँड ओ. क्रूझेसने तर २०१९ मध्ये ही वेगळी आकारणीच बंद केली आणि तो बोजा भाड्याच्या पोटात घेतला. माझ्या मते योग्य मार्ग तोच होय. सेवकाचे वेतन भाड्यातून जावे, ते छापील असावे, आणि त्याच्या मुलांची फी एखाद्या उतारूच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर लटकत राहू नये.

परंतु तो दिवस सर्व बोटींवर येईपर्यंत प्रवाशाचे कर्तव्य काय, हा प्रश्न उरतो. २०१३ पासून अमलात आलेल्या सागरी श्रम करारानुसार बोटीवरील माणसाकडून दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम घेता येते. सुट्टीच्या आनंदात हा आकडा कोणाच्या ध्यानी येत नाही. पुष्कळ बोटींवर ही आकारणी स्वागतकक्षात जाऊन कमी करून घेता येते, आणि तसे करणे हा ग्राहकाचा हक्क आहे असा सल्ला आपल्याकडेही एकमेकांना दिला जातो. वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी हा हक्क वापरू नये. सेवेत खरोखर उणीव राहिली तर ती अधिकाऱ्याला सांगावी, पण रक्कम कापू नये. सफरीचा खर्च ठरविताना हे पैसे आरंभीच भाड्यात धरावेत, आणि ज्याने विशेष आस्था दाखविली त्याला शेवटच्या दिवशी, चारचौघांत नव्हे, त्याच्या नावाने हाक मारून, हातात वेगळे द्यावे. तो रत्नागिरीचा किंवा मडगावचा निघण्याचा पुष्कळ संभव आहे. अशा वेळी आधी त्याच्या घरची चौकशी करावी.