राजाच्या जन्मदिनी गुरुवंदना

दक्षिण कोरियात दरवर्षी १५ मे रोजी शिक्षक दिन साजरा केला जातो. ही तारीख जोसॉन घराण्यातील राजा सेजोंग (१३९७-१४५०) याच्या जन्मदिनाची आहे.

त्या काळी राजदरबाराचा व्यवहार चिनी लिपीत चाले. हजारो चिन्हांची ती लिपी शिकणे सामान्य प्रजेच्या आवाक्याबाहेरचे होते. हे ओळखून सेजोंगने १४४३ मध्ये २८ अक्षरांची सोपी लिपी सिद्ध केली आणि दरबारी विद्वानांचा विरोध असतानाही १४४६ मध्ये ती जाहीर केली. हीच आजची हंगुल लिपी. प्रजेला अक्षरे देणारा हा राजा कोरियन जनतेने गुरुस्थानी मानला.

शिक्षक दिनाची प्रथा मात्र विद्यार्थ्यांनी सुरू केली. १९५८ च्या सुमारास गांगग्यॉंग गावातील युवा रेडक्रॉसच्या विद्यार्थिनी आजारी व निवृत्त शिक्षकांची विचारपूस करू लागल्या. १९६५ मध्ये त्यासाठी १५ मे ही तारीख निश्चित झाली. १९७३ मध्ये सरकारने हा दिवस रद्द केला. १९८२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

या दिवशी शिक्षकांना कार्नेशनची फुले देण्याचा प्रघात आहे. तथापि, २०१६ मध्ये लागू झालेल्या लाचप्रतिबंधक कायद्यामुळे विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे फूल देण्यावरही बंधन आले. विद्यार्थी प्रतिनिधी सर्वांसमक्ष ते देऊ शकतो.

शिक्षकांपुढील खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. २०२३ मध्ये सोलमधील एका तरुण शिक्षिकेच्या मृत्यूनंतर, पालकांच्या जाचापासून संरक्षण मागत हजारो शिक्षक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेने त्यासाठी कायद्यांत दुरुस्त्या केल्या.