जपानी ‘येतो’

निजामाच्या काळात, 1948पर्यंत, नांदेड-लातूरच्या पोरांना वरच्या वर्गांत उर्दूशिवाय गत्यंतर नव्हतं. ती सरकारची भाषा होती.

त्याच मराठवाड्यात, औरंगाबादजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेनं 2019 साली मुलांनाच विचारलं: परदेशी भाषा कोणती शिकायची? रोबोटच्या ओढीनं अनेकांनी जपानी निवडली.

ती मराठी पोरांना जवळची वाटावी अशीच आहे. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानी माणूसही उंबऱ्याशी ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, म्हणजे ‘जाऊन येतो’. आतून उत्तर येतं, ‘इत्तेराश्शाइ’: जाऊन ये. मात्र हे आपल्याच घरातून निघताना. पाहुण्यानं म्हणायचं ‘ओजामा शिमाशिता’, तुम्हाला त्रास दिला.

नांदेड-लातूरच्या शाळांनीही आपल्या मुलांना हा प्रश्न एकदा जरूर विचारावा.